फिरतीवरचा पिचर

मामलेदाराची बदली झाली की गावात दोन तर्क हमखास निघतात. साहेबांनी एखाद्या वजनदार असामीला दुखावले असावे, हा पहिला; आणि साहेबांना कामच उमगत नसावे, हा दुसरा. ज्याचे बिऱ्हाड दर दीड-दोन वर्षांनी पोत्यांत आणि पेटाऱ्यांत बांधले जाते त्याच्यात कोठे तरी खोट असलीच पाहिजे अशी आपली समजूत असते, आणि ती इतकी पक्की असते की तिसरा तर्क कोणी करूनच पाहत नाही. तो असा, की अवचित रिकामी पडलेली खुर्ची दुसऱ्या दिवसापासून सांभाळील असा वाकबगार माणूस सरकारदप्तरी फार थोडा असतो, म्हणून जेथे जेथे काम अडते तेथे तेथे त्यालाच रवाना केले जाते.

अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये असाच एक गृहस्थ खेळून गेला. एडविन जॅक्सन हे त्याचे नाव. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात, तो त्याचा पेशा. २००३ पासून २०१९ पर्यंतच्या १७ हंगामांत तो १४ निरनिराळ्या संघांकडून खेळला. मेजर लीग या सर्वोच्च श्रेणीत संघच मुळी ३० आहेत, तेव्हा जवळजवळ निम्म्या श्रेणीचा गणवेश या एका माणसाच्या अंगावर चढून उतरला, असे म्हणावे लागते. त्याच्या नावावर विजय आहेत १०७ आणि पराभव १३३. जो जिंकण्यापेक्षा हरला अधिक, त्याला चौदा धन्यांनी एकामागून एक नोकरीस ठेवावे, आणि ठेवूनही कोणी फार दिवस राखू नये, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा ठरतात? उत्तर हवे असेल तर आधी त्याचे काम पाहिले पाहिजे, मग त्याचा बाजारभाव, आणि सर्वांत शेवटी त्याचा करारनामा.

साडेसाठ फुटांचा कारभार

पिचर उभा राहतो तो दहा इंच उंचीच्या एका मातीच्या उंचवट्यावर. तेथून होम प्लेट, म्हणजे फलंदाजासमोर जमिनीत बसवलेली रबराची पाटी, बरोबर साडेसाठ फुटांवर असते आणि तिची रुंदी १७ इंच. त्या रुंदीच्या वर, फलंदाजाच्या गुडघ्यापासून सुमारे छातीपर्यंत, हवेतच एक अदृश्य चौकट कल्पिलेली असते. चेंडू टप्पा न खाता या चौकटीतून गेला, किंवा फलंदाजाने बॅट फिरवून तो चुकवला, तर ‘स्ट्राइक’. चौकटीबाहेरून गेला आणि फलंदाज त्याच्या वाटेला गेला नाही, तर ‘बॉल’. तीन स्ट्राइक पडले की फलंदाज बाद, आणि चार बॉल पडले की त्याला न खेळताच पहिल्या तळावर जाण्याची मुभा. या फुकटच्या वाटचालीला ‘वॉक’ म्हणतात. दोन्ही संघांचे तीन-तीन फलंदाज बाद झाले की एक डाव संपतो, आणि असे नऊ डाव झाले की सामना.

ताशी ९५ मैलांच्या, म्हणजे सुमारे १५३ किलोमीटरच्या वेगाने फेकलेला चेंडू हे अंतर सेकंदाच्या साधारण चार-दशांशात कापतो. एवढ्या अवधीत डोळ्यांनी चेंडू शेवटपर्यंत पाहून बॅट फिरवणे मनुष्याच्या शक्तीबाहेरचे आहे. फलंदाज पहिल्या काही फुटांवरून अंदाज बांधतो आणि त्या अंदाजावर बॅट सोडतो. पिचरचे सारे कसब त्या अंदाजाला खोटे पाडण्यात असते. चेंडूवर लाल दोऱ्याचे १०८ दुहेरी टाके असतात आणि त्यांची शिवण किंचित वर आलेली असते. त्या शिवणीवर बोटे आडवी टेकून चेंडूला उलटी गिरकी दिली की भोवतालची हवा त्याला थोडी उचलून धरते, आणि तो अपेक्षेपेक्षा कमी खाली येतो. हा झाला फास्टबॉल. तीच गिरकी बोटांच्या कडेने तिरकी दिली की चेंडू सरळ येत येत अखेरच्या क्षणी बाजूला घसरतो, हा स्लायडर. आणि चेंडू तळहातात खोल दाबून, पण हाताची फेक तितकीच जोरकस दाखवून सोडला, तर तो आठ-दहा मैल कमी वेगाने येतो आणि फलंदाजाची बॅट त्याच्या आधीच फिरून मोकळी होते, हा चेंजअप.

जॅक्सनपाशी वेग होता, आणि तो ईश्वराने सढळ हाताने दिलेला होता. नव्वदावा चेंडूही तो पहिल्याइतक्याच तडफेने फेकी. उणीव होती ती दिशेची. हातातून चेंडू सुटताना कोनात एका अंशाचा फरक पडला, तर होम प्लेटपाशी तो सुमारे एक फूट होतो, हे कोणीही कागदावर मांडून पाहावे. आणि पाटी तर अवघी १७ इंचांची. मनगट सुटण्याचा क्षण केसभर मागेपुढे झाला की जो चेंडू चौकटीच्या कोपऱ्यावर पडायचा तो एक तर बाहेर जातो, म्हणजे वॉक, किंवा ऐन मध्यावर येतो, म्हणजे प्रेक्षकांत. ज्यांना हा कोन दर खेपेस हुबेहूब साधतो ते थोर पिचर. ज्यांना तो कधी साधतो आणि कधी साधत नाही, अशांच्या पंक्तीत आपला हा गृहस्थ बसतो.

मध्यम माणूस महाग का?

पिचरचे मोजमाप करण्याची एक जुनी रीत आहे. सहकाऱ्यांच्या क्षेत्ररक्षणातील चुकांमुळे गेलेल्या धावा वगळून, नऊ डावांमागे सरासरी किती धावा त्याने दिल्या हे काढायचे. आकडा जितका लहान तितका पिचर चांगला. जॅक्सनच्या काळात सर्व श्रेणीची ही सरासरी वर्षावर्षाने पावणेचार आणि साडेचार यांच्या दरम्यान फिरत असे. जॅक्सनची आयुष्यभराची सरासरी ४.७८. म्हणजे सरळ शब्दांत, तो सरासरीपेक्षा थोडा खालचा.

सामान्य वाचक येथेच फसतो. सरासरी कोणाची, हे विचारावयाचे राहून जाते. मेजर लीगच्या खाली मायनर लीगच्या अनेक पायऱ्या आहेत आणि त्या पायऱ्यांवर हजारो तरणेबांड मुलगे उभे असतात, ज्यांतील बहुतेकांच्या पायाला वरच्या पायरीची धूळ कधीच लागत नाही. आपल्या उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोघे भालाफेकीचे गडी २००८ साली दूरचित्रवाणीवरच्या एका स्पर्धेतून निवडले गेले आणि पिट्सबर्गच्या संघाने त्यांच्याशी करार केला, तेव्हा आपल्याकडे पुष्कळ गाजावाजा झाला. पटेल दोन हंगामांत परतला; सिंगने डाव्या हाताने चांगली काही वर्षे नेटाने काढली; पण त्या शिडीच्या खालच्या भागातच दुखापतींनी त्याला गाठले. तेव्हा जॅक्सनची तुलना करायची ती श्रेणीतल्या सर्वोत्तम पिचरशी नव्हे. उद्या संध्याकाळी सामना आहे, नेमलेला पिचर जायबंदी झाला आहे, आणि खालच्या पायरीवरून ऐनवेळी जो पोरगा बोलावता येईल त्याच्याशी ती करायची. त्या पोराच्या मानाने जॅक्सन कितीतरी भरवशाचा. संघाचा कारभारी आपल्या हिशेबाच्या वहीत हाच फरक मांडतो.

आणि पिचर जायबंदी होतात ते अपवादाने नव्हे. मनुष्याचा खांदा आणि कोपर हे इतक्या जोराने, इतक्या वेळा फेकण्यासाठी घडलेले नाहीत. फेकीच्या झटक्यात कोपराच्या आतल्या बाजूच्या एका स्नायुबंधावर त्याच्या सोसण्याच्या मर्यादेपर्यंत ताण येतो, आणि हजारो फेकींनंतर एके दिवशी तो तुटतो. १९७४ पर्यंत हे तुटणे म्हणजे पेशाचा अंतच होता. त्या वर्षी डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरच्या दुसऱ्या हातातील एक कंडरा काढून कोपरात बसवला. जॉन १९७६ साली मैदानावर परतला, १९८९ पर्यंत खेळला, आणि कारकिर्दीतील २८८ विजयांपैकी १६४ त्याने या शस्त्रक्रियेनंतर मिळवले. आज ती शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते आणि इतकी सर्रास होते की तिचे कौतुक कोणाला उरलेले नाही. पण ती झाल्यावर वर्षभराहून अधिक काळ त्या हाताचा संघाला उपयोग नसतो.

हंगाम १६२ सामन्यांचा आणि तो अवघ्या सहा महिन्यांत उरकायचा. एक सामना सुरू करणारा पिचर नव्वद-शंभर चेंडू टाकतो आणि मग चार-पाच दिवस हात झाकून बसतो. म्हणून प्रत्येक संघ पाच पिचरांची पाळी लावतो, आणि त्यांच्या मागे, थोडे थोडे डाव टाकणाऱ्यांची दुसरी फळी ठेवतो. आजच्या नियमाने २६ जणांच्या संघात १३ पर्यंत पिचर चालतात, यावरून या मालाचा खप किती हे ध्यानी येईल. एप्रिलमध्ये नेमलेले पाचच्या पाच जण सप्टेंबरपर्यंत धडधाकट राहिले, असे भाग्य क्वचितच एखाद्या संघाला लाभते. जॅक्सनचा खरा गुण येथे दिसतो आणि तो त्याच्या ४.७८ या आकड्यात मुळीच उमटत नाही: २००७ ते २०१३ या सातही हंगामांत त्याने दर वर्षी ३० हून अधिक सामन्यांची सुरुवात केली. हात दुखावला म्हणून ज्याच्या पाळीला दुसरा शोधावा लागला नाही, अशा माणसाला बाजारात गिऱ्हाईक नसेल कसे?

शिवाय आशा ही एक वेडी चीज आहे. ताशी ९५ मैलांची फेक डोळ्यांसमोर दिसत असली की प्रत्येक नव्या संघाच्या प्रशिक्षकाला वाटते, आधीच्यांना जमले नाही, पण मनगटाची ती एवढीशी लकब मी दोन महिन्यांत सरळ करीन. चौदांपैकी काहींनी तरी त्याला याच लोभाने घेतले असणार, याविषयी मला फारशी शंका नाही.

करारनाम्यातील कलमे

आता करारनामा. १८७९ सालापासून जवळजवळ शंभर वर्षे बेसबॉलच्या करारांत एक कलम असे होते की मुदत संपली तरी खेळाडूवरचा हक्क संघाकडेच राही. संघ त्याला विकू शके, बदलू शके, काढून टाकू शके. खेळाडूला मात्र आपण होऊन दुसरीकडे रुजू होण्याची सोय नव्हती. सेंट लुइसचा कर्ट फ्लड याने १९६९ साली फिलाडेल्फियाला झालेली आपली रवानगी नाकारली आणि तो कोर्टात गेला. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्याच्या विरुद्ध दिला आणि त्याची कारकीर्दही त्या झगड्यात संपली. पण १९७५ च्या डिसेंबरात पीटर साइट्झ या लवादाने अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांच्या तक्रारीत ते कलम मोडीत काढले. हे दोघेही पिचर होते, एवढी नोंद येथे करून ठेवतो.

त्यानंतर जी तडजोड ठरली ती आजही स्थूलमानाने चालू आहे. मेजर लीगमध्ये सहा वर्षांची चाकरी पुरी होईपर्यंत खेळाडू संघाच्या ताब्यात. त्यानंतर मुदत संपली की तो मुखत्यार, वाटेल त्या संघाशी वाटेल तो करार करण्यास मोकळा. सहा वर्षांत पहिली दोन-तीन वर्षे पगार किमान दराच्या आसपास, आणि पुढे लवादापुढे मागणी करून तो वर्षावर्षाला चढत जातो. यातून धन्याच्या मनात एक साधा हिशेब उभा राहतो. हा गडी दिवसेंदिवस महाग होत चालला, आणि दोन वर्षांनी तर फुकटच हातचा जाणार. मग आजच, त्याची किंमत आहे तोवर, त्याच्या बदल्यात एखादा स्वस्त, कोवळा खेळाडू का घेऊ नये?

जॅक्सनच्या आयुष्याचा पूर्वार्ध या हिशेबाला तंतोतंत जुळतो. १९८३ साली पश्चिम जर्मनीतील नॉय-उल्म येथे त्याचा जन्म झाला, कारण वडील अमेरिकन सैन्यात तेथे तैनात होते. फिरतीचे बाळकडू असे पाळण्यातच मिळाले. २००१ साली लॉस एंजेलिसच्या संघाने त्याला निवडले तेही पिचर म्हणून नव्हे, मैदानाच्या सीमेकडचा क्षेत्ररक्षक म्हणून. २००३ च्या ९ सप्टेंबरला, आपल्या विसाव्या वाढदिवशी, तो पहिल्यांदा मेजर लीगच्या उंचवट्यावर चढला आणि समोरच्या रँडी जॉन्सनसारख्या महारथीला हरवून उतरला. असा शुभारंभ झालेल्या मुलाला २००६ साली टँपाला दिले गेले. तेथे २००७ साली ५ विजय आणि १५ पराभव, पण पुढच्याच वर्षी १४ विजय आणि संघ अंतिम मालिकेत. भाव वधारला, तशी टँपाने त्याची रवानगी डेट्रॉइटला केली. २००९ साली तेथे निवडक खेळाडूंच्या वार्षिक सामन्यासाठी त्याची निवड झाली. भाव आणखी वधारला, आणि डिसेंबरात तीन संघांच्या एका गुंतागुंतीच्या सौद्यात तो ॲरिझोनाला गेला. त्याच सौद्यात ॲरिझोनाकडून डेट्रॉइटला आलेल्या तरुण मॅक्स शर्झरने पुढे सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार तीनदा पटकावला. म्हणजे जॅक्सन वाईट खेळला म्हणून विकला गेला असे नाही. चांगला खेळला की त्याचे गाठोडे अधिकच लवकर बांधले जाई.

एका हक्काचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. ज्याची एकूण दहा वर्षांची चाकरी झाली आहे आणि त्यांतील शेवटची पाच एकाच संघात गेली आहेत, त्याला आपली अदलाबदल नाकारता येते. फ्लडच्या लढ्यानंतर, १९७३ साली, खेळाडूंनी हे कलम पदरात पाडून घेतले. पण ज्याची सतत अदलाबदल होते त्याची एका ठिकाणी पाच वर्षे कधी भरणार? ज्याला या ढालीची सर्वांत अधिक गरज, नेमक्या त्याच्याच हाती ती पडत नाही.

चौकट: जॅक्सनचा मुलूख

२००३–०५ लॉस एंजेलिस डॉजर्स, २००६–०८ टँपा बे, २००९ डेट्रॉइट, २०१० ॲरिझोना, २०१०–११ शिकागो व्हाइट सॉक्स, २०११ सेंट लुइस, २०१२ वॉशिंग्टन, २०१३–१५ शिकागो कब्स, २०१५ अटलांटा, २०१६ मायामी आणि सॅन डिएगो, २०१७ बाल्टिमोर, आणि वॉशिंग्टन पुन्हा, २०१८ ओकलंड, २०१९ टोरांटो, आणि डेट्रॉइट पुन्हा.

एकशे एकोणपन्नास चेंडू

२०१० च्या २५ जूनची रात्र. ॲरिझोनाचा संघ टँपाच्या छत घातलेल्या मैदानावर, जॅक्सनच्या जुन्या घरी, खेळायला आला होता. पहिल्या तीन डावांत त्याने सात फलंदाजांना वॉक दिला. तिसऱ्या डावात तर एकही बाद नसताना तिन्ही तळ भरले होते. चेंडू चौकटीच्या वर, खाली, बाहेर असा भटकत होता, आणि एरवी अशा वेळी व्यवस्थापक पायऱ्या चढून येतो, काही न बोलता हात पुढे करतो, पिचर त्या हातावर चेंडू ठेवतो आणि खाली मान घालून निघून जातो. त्या रात्री तसे घडले नाही. पेचातून एकही धाव न देता तो सुटला, आणि मग जणू मनगटाला आपला कोन एकदाचा गवसला. डावामागून डाव गेले. टँपाच्या फलंदाजांना तळ गाठून देणारा एकही फटका मारता येईना. शेवटी १४९ चेंडू, आठ वॉक, आणि समोरच्या संघाचा एकही यशस्वी फटका नाही. ॲरिझोना १–० ने विजयी.

संपूर्ण सामन्यात प्रतिपक्षाला एकही यशस्वी फटका मारू न देणे हा पिचरच्या आयुष्यातील परमोच्च योग. पुष्कळ थोरांना तो कधी लाभलेला नाही. पण त्या योगापायी शंभरेक चेंडूंची जी मर्यादा संघ डोळ्यांत तेल घालून पाळतात ती या रात्री पार धाब्यावर बसवली गेली. मला हा सामना जॅक्सनचे सारे चरित्र एका बैठकीत सांगणारा वाटतो: तीन डाव हाताबाहेर गेलेला, सहा डाव अजिंक्य, आणि हात लोखंडाचा. पाच आठवड्यांनी, ३० जुलैला, ॲरिझोनाने त्याला शिकागो व्हाइट सॉक्सकडे धाडून दिले.

एका दिवसात दोन बदल्या

जुलैअखेर या व्यवहारात एवढी घाई का, तर त्या सुमारास अदलाबदलीची मुदत संपते. ज्यांना अजिंक्यपदाची आशा आहे ते संघ त्याआधी अनुभवी पिचर गोळा करतात, आणि ज्यांची आशा मावळली ते आपला माल खाली करतात. २०११ च्या २७ जुलैला शिकागोने जॅक्सनला टोरांटोकडे दिले, आणि टोरांटोने त्याच दिवशी त्याला पुढे सेंट लुइसला पाठवले. टोरांटोचा गणवेश त्याने अंगावर घातलाही नाही. मौज अशी की त्याच गठ्ठ्यात टोरांटोहून सेंट लुइसला आलेला दुसरा एक पिचर म्हणजे ऑक्टाव्हियो डोटेल, जो पुढे १३ संघांकडून खेळून फिरतीचा त्या वेळचा विक्रम करणार होता. एकाच सौद्यात असे दोन भटके आले, आणि त्या ऑक्टोबरात सेंट लुइसने टेक्सासला हरवून विश्वविजेतेपद मिळवले.

बदलीचा हुकूम आला की माणसाला काय काय नव्याने करावे लागते, याची दखल आकडेवारी घेत नाही. पिचर आणि त्याच्यासमोर पाटीमागे बसणारा कॅचर यांची बोली बोटांची असे: एक बोट म्हणजे फास्टबॉल, दोन म्हणजे वळणारा चेंडू, आणि प्रतिपक्षाने ती चोरू नये म्हणून प्रत्येक संघाची खूण निराळी गुंफलेली. नवा कॅचर हा चेंडू मागणार की तो, मागितलेला आपल्याला पटला नाही तर मान किती हलवायची, आपल्या मागचे क्षेत्ररक्षक किती धावतात, हे सारे एखाद्या आठवड्यात उमगून घ्यायचे, आणि तेही घरभाड्याचा करार अर्धवट टाकून, बायकामुलांना मागाहून बोलावण्याच्या बोलीवर.

जुन्या धन्याच्या पगारावर

२०११ नंतर जॅक्सनची सहा वर्षे भरली आणि तो मोकळा झाला. वॉशिंग्टनने एका वर्षाचे १ कोटी १० लाख डॉलर दिले, आणि पुढे शिकागो कब्सने चार वर्षांचे ५ कोटी २० लाख. एवढे मोल मिळाले त्या माणसाने २०१३ साली ८ सामने जिंकून १८ गमावले, आणि २०१४ साली ६ जिंकून १५. जुलै २०१५ मध्ये शिकागोने त्याला सोडले.

आता येथे एक चमत्कारिक गोष्ट घडते. मेजर लीगचा करार हमीचा असतो. खेळाडूला घरी बसवले तरी उरलेला पगार द्यावाच लागतो. असा सोडलेला गडी दुसऱ्या संघाने घेतला, तर त्या नव्या संघावर बोजा पडतो तो फक्त श्रेणीतील किमान वेतनाचा, जो त्या वर्षी ५ लाख साडेसात हजार डॉलर होता. बाकीची भरपाई जुना धनी करतो. त्यामुळे २०१५ साली अटलांटाला आणि २०१६ साली मायामीला व सॅन डिएगोला कोट्यवधींचा पिचर कवडीमोलाने मिळाला. चुकला तर सोडून द्यायचा. साधला तर लाभच. कारकिर्दीच्या उतारावर त्याच्या संघांची यादी एकाएकी लांबत का गेली, याचे इंगित या कलमात आहे.

सोडण्याचीही एक ठरीव पद्धत आहे. संघाच्या राखीव यादीत ४० नावे असतात. नव्या माणसाला जागा हवी असेल तर जुन्या एकाचे नाव त्या यादीतून काढून बाजूला ठेवले जाते, आणि मग आजच्या नियमाने सात दिवसांच्या आत त्याचा निकाल लावावा लागतो: अदलाबदल, किंवा इतर संघांना मागणीची संधी, किंवा खालच्या लीगमध्ये रवानगी, किंवा मुक्तता. तरुण खेळाडूला तीन हंगामांपर्यंत अशा वाटेशिवाय खाली-वर नेता येते. मुरलेल्याला येत नाही. म्हणून वर्षभर टिकून राहिलेला अनुभवी माणूसही एका सकाळी त्या सात दिवसांच्या कचेरीत जाऊन बसतो.

२०१८ साली जॅक्सन अशाच खालच्या लीगमध्ये वाट पाहत होता. ओकलंडचे पिचर एकामागून एक जायबंदी झाले आणि जूनमध्ये त्याला पाचारण झाले. वय ३४, संघ तेरावा. त्याने १७ सामने सुरू केले, ६ जिंकले, ३ गमावले, आणि नऊ डावांमागे सरासरी धावा दिल्या ३.३३. ओकलंडने त्या वर्षी ९७ सामने जिंकले. पुढच्या मे महिन्यात त्याच ओकलंडने त्याला रोख रकमेच्या मोबदल्यात टोरांटोला देऊन टाकले, आणि २०११ साली काही तास ज्याचा होता त्या संघाचा गणवेश आठ वर्षांनी त्याच्या अंगावर अखेर चढला. हा चौदावा. येथे विक्रम झाला, पण हात मात्र थकला होता. जुलैत टोरांटोनेही सोडले.

टोकियो ऑलिंपिकसाठी मेजर लीगच्या संघांनी आपले खेळाडू दिले नाहीत, म्हणून २०२१ साली अमेरिकेने जो संघ उभा केला त्यात उगवते आणि मावळते असेच खेळाडू होते. जॅक्सन त्यात होता. जपानपुढे अंतिम सामना गमावून त्याने रौप्यपदक मिळवले, आणि २०२२ साली निवृत्ती जाहीर केली.

विक्रम आता त्याचा एकट्याचा राहिलेला नाही. रिच हिल हा डावखुरा पिचर २०१५ साली काही काळ मेजर लीगच्या शिडीवरही नव्हता. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या संघाकडून एका स्वतंत्र लीगमध्ये खेळत होता. तेथून तो परतला, लॉस एंजेलिसशी त्याने तीन वर्षांचा ४ कोटी ८० लाख डॉलरांचा करार केला, आणि मग पुन्हा वर्षावर्षाच्या फिरतीवर निघाला. २०२५ च्या २२ जुलैला, वयाच्या ४५ व्या वर्षी, तो कॅन्सस सिटीकडून शिकागोत कब्सविरुद्ध उतरला. कब्स म्हणजे २००५ साली त्याने जेथे प्रारंभ केला तोच संघ. कॅन्सस सिटी हा त्याचा चौदावा. त्याने आणखी एक सामना सुरू केला, आणि लगोलग त्याचे नाव त्या सात दिवसांच्या यादीत गेले.